पाणी आलंय तोवर

दुपारच्या शांततेत मोरीतला नळ खोकला. आधी नुसता वारा, मग पाणी. मी नुकती कुठं पाठ टेकली होती. रुद्राणी माझ्याआधी उठून घागरीपाशी.

"आई, ये की! सगळं भरून घेऊया."

बादल्या, घागरी, पातेली, तिची भातुकलीतली कपबशीसुद्धा. सोलापुरात नळ आला की लेकरूही हेच शिकतं. मी भरत होते, आणि डोळ्यांपुढून चनमल्लप्पा हलत नव्हता.

त्याच्या आईचं, मल्लव्वांचं, सकाळी आतड्याचं ऑपरेशन झालं. भूल मी दिली. हृदय अशक्त, म्हणून सलाईन बेताबेतानं सोडत होते. कमी पडलं तर किडनी रुसते, जास्त झालं तर फुफ्फुसात पाणी.

"मॅडम, सोडा की सढळ हातानं," सर्जन म्हणाले. "घरचं तूप आहे का ते?"

मी हसले, पण नजर मॉनिटरवरच ठेवली. सगळं नीट पार पडलं.

शुद्धीवर येताच म्हातारी "नीरु, नीरु" करू लागली. अक्कलकोटकडची माणसं, तहान कानडीतच लागते. मी चनमल्लप्पाच्या हातात ओला बोळा दिला. "नुसते ओठ भिजवायचे, दादा. घोट नाही."

त्यानं घोट दिला नाही. सिस्टरची पाठ वळल्यावर सलाईनचं चाक तेवढं पूर्ण उघडलं.

मला बोलावलं तेव्हा मल्लव्वांना श्वास पुरत नव्हता.

"तुमीच म्हणला न्हवं, तोंडातनं देऊ नको," तो म्हणाला. "बाटली लई हळू पडत हुती. पाणी आलंय तवर भरून घ्यावं म्हणलं."

म्हातारीला उठवून बसवलं, ऑक्सिजन लावला, लघवीवाटे पाणी उतरवायचं इंजेक्शन दिलं. आयसीयूत दुसऱ्या डॉक्टरांच्या हाती सोपवून निघाले, कारण रुद्राणीचं पाळणाघर दुपारीच बंद होतं.

घागर भरत आली तोच फोन वाजला. आयसीयूतली सिस्टर.

"मॅडम, लघवी सुरू झालीय, पण धाप काही कमी होत नाही. सारखं पाणी मागतायत."

"देऊ नको गं. ओठ भिजव फक्त. हिला शेजारी सोडते आणि येतेच."

रुद्राणी ऐकत होती. काठोकाठ भरलेला इवलासा कप तिनं दोन्ही हातांनी उचलला, न सांडता ओट्यावर ठेवला आणि वर बशी झाकली.

"हे त्या आजीला. उद्या पिईल ना गं ती?"