हात न लावलेलं खोरं

डोंगरामागे झुडपांनी भरलेली दोन खोरी होती. एकात माणसांनी हवी ती लागवड करायची, दुसऱ्यात काडीलाही हात लावायचा नाही, आणि झाडं किती पाणी पितात ते कळावं म्हणून दोन्हींतल्या ओढ्यांचं पाणी बंधाऱ्याच्या खाचेत वर्षानुवर्षं मोजत बसायचं, असा तो उफराटा संसार. तिथल्या संशोधक बाईंना तो त्यांच्या सरांनी सोपवला होता. सर म्हणायचे, "एका वर्षाचं पाणी थापा मारतं. फार वर्षांचं मारत नाही."

बाई नियमाला कडक. पाहुण्यांच्या बुटांना चिकटलेलं बीसुद्धा ब्रशने झाडून घेत. पण पोटच्या पोरीपुढे कुणाचं चाललंय! सात वर्षांच्या भिंगरीने लागवडीतलं पाइनचं रोप आणून नेमकं हात न लावायच्या खोऱ्यात खोचलं. "उद्या उपटू हं," बाई म्हणाल्या. त्याच आठवड्यात भिंगरी तापाने गेली. मग ते रोप उपटायला बाईंचा हात धजावला नाही.

झाड उंच झालं. इकडे त्या खोऱ्यातल्या ओढ्याचं उन्हाळी पाणी हळूहळू उतरत गेलं, पाऊस मात्र तेवढाच. एकदोन वर्षांत कुणाला पत्ता लागला नसता. पण सरांपासूनच्या आलेखाची सगळी रेघ समोर ठेवल्यावर कानाडोळा करायला जागाच उरली नाही. ओढ्याकाठी पाइनच्या पिल्लांचं रान माजलं होतं, आणि त्यांची आई एकच होती.

"पिल्लं काढा सगळी," नवरा म्हणाला. "तेवढं एक राहू दे. माझ्या पोरीचं आहे ते."

"बी त्याचंच पडतंय हो. ते ठेवलं तर सरांनी जन्मभर मोजलेलं मातीत जाईल."

"आणि आपलं?"

सकाळी नवऱ्यानेच करवतीला धार लावली. परक्याने त्या झाडाला हात लावलेला त्याला चालणार नव्हता. ते पडलं तेव्हा तो बुंध्याशी बसला, आणि बाईंनी बाकीची पिल्लं एकटीने उपटली.

पुढच्या उन्हाळ्यात पाणी चढलं. ऑफिसात टाळ्या झाल्या, इतक्या वर्षांच्या मोजणीचं चीज झालं म्हणून सगळे खूश. बाई घरी आल्या तेव्हा नवरा दारातच उभा होता.

"किती चढलं?"

"बोटभर."

त्याने आपलं बोट आडवं धरलं आणि त्याच्याकडे बघितलं.

"एवढंच पीत होती का गं ती?" तो म्हणाला, आणि ज्या बाई भिंगरी गेली तेव्हाही रडल्या नव्हत्या, त्या उंबऱ्यातच ढसाढसा रडल्या.