केवळ मद्यखरेदीसाठी

मी एक झेरॉक्स. अमडापूरच्या इंद्रभान सरांच्या आधार कार्डाची. सध्या त्यांच्या उशीखाली असते, म्हणून हळू बोलते.

बोंडअळीने कपाशी खाल्ली त्या हिवाळ्यात मी गफ्फारभाईंच्या दुकानात जन्मले. अनुदानाच्या अर्जांसाठी रांग लागली होती. सर कृषी महाविद्यालयाचे निवृत्त प्राध्यापक, म्हणून लोकांनी त्यांना पुढे जायला वाट दिली. ते गेले नाहीत. बीटी कपाशीवर बोंडअळी येत नाही, हे पंधरा वर्षांपूर्वी याच माणसांना त्यांनीच सांगितलं होतं. कोणी ते बोलून दाखवत नव्हतं. सरांना तेच सहन होत नव्हतं.

मी अनुदानासाठी नव्हतेच. पत्नी गेल्यापासून सरांचं घर गप्प होतं, त्यात हे कपाशीचं. आठवड्यातून एकदा ते ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून पार डोणगावला जात आणि पिशवीत एक क्वार्टर घेऊन परतत. पौर्णिमेला विहारात गावाला पंचशील देणारेही तेच. त्यातलं पाचवं शील मद्यापासून दूर राहण्याचं.

डोणगावच्या दारूच्या दुकानात शालिग्राम गल्ल्यावर बसे. एकदा त्याने वयाचा पुरावा म्हणून आधारची झेरॉक्स मागितली. सर म्हणाले, मी एकाहत्तरचा आहे हो.

"दिसते ना, सर. पन मालकाच्या फायलीले तुमचे पांढरे केस दिसत नाईत."

पुढच्या खेपेला सर मला घेऊन गेले, तेव्हा हे कागद पुढे कुठे जातात, असं त्यांनी दोनदा विचारलं. त्याने पायाजवळचं उघडं खोकं दाखवलं.

कोरी प्रत कोणाला द्यायची नाही, हा सरांचा नियम. कोणी आपल्या नावावर सिमकार्ड काढलं तर? त्यांनी पेन काढलं, बराच वेळ थांबले आणि माझ्यावर तिरकं, सुवाच्य अक्षरात लिहिलं: केवळ मद्यखरेदीसाठी. खाली सही, तारीख. एवढा शिकलेला माणूस. जपायला गेला आणि स्वतःच्या हातानेच कबुली लिहून बसला.

खोक्यात आम्ही तीनशेच्या वर होतो. सगळ्यांचे चेहरे काळपट. एकमेकांना चिकटून असायचो, पण कोणी कोणाचं नव्हतं. माझ्यावर चहाच्या ग्लासाचा गोल डाग पडला.

मग एके दुपारी दुकान बंद करा म्हणत बायकांचा मोर्चा आला. त्यांनी खोकं रस्त्यावर आणलं आणि एकेक नाव मोठ्याने वाचू लागल्या. त्यात अमडापूरच्या बेबीताई होत्या. डोणगाव त्यांचं माहेर. सरांना हे कुठून ठाऊक असणार. विहारात त्या पहिल्या रांगेत बसत. मी त्यांच्याच हाती आले. वाचायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं.

"कोनाचं हाय वं?" शेजारणीने विचारलं.

"काई दिसत नाई. काळं पडलं." आणि त्यांनी मला कमरेला खोचलं.

तिसऱ्या दिवशी त्या सरांच्या दारात आल्या. सर, तुमचा कागद, एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. त्यांच्या लेखी विषय संपला. सरांच्या लेखी सुरू झाला. गुडघ्याच्या दुखण्याचं निमित्त सांगून दोन पौर्णिमा ते विहारात गेलेच नाहीत. मला फाडलं तर तुकडे कोणी जोडेल, जाळलं तर शेजारी विचारतील, म्हणून उशीखाली.

काल बेबीताई पुन्हा आल्या. बसल्या नाहीत.

"सर, एकदा घेतलेलं शील पुरते, तं दर पौर्णिमेले काऊन घेतो आपन?"

सरांनी उशी सारखी केली.

"मोडते म्हनूनच ना? म्या कोनाले सांगितलं नाई. उद्या पौर्णिमा हाय, या."

आज सरांनी पांढरा सदरा घातला आणि पुन्हा खाटेवर बसले. विहाराचा भोंगा सुरू झाला. बेबीताई एकेक शील म्हणत होत्या, लोक मागून म्हणत होते. चौथं झालं आणि आवाज थांबला. भोंगा नुसता खरखरतो आहे.

इथे सर पाचवं शील पुटपुटताहेत. देणाऱ्याने म्हणायचं, समोरच्यांनी मागून म्हणायचं, अशी रीत. जवळ मी एकटी, आणि माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

सर, इथे नका म्हणू. ते थांबलेत तुमच्यासाठी.