मोडेमचे आठ खटके

अमरसिंहनं, माझ्या मुलानं, अर्ज लिहून माझ्यापुढं ठेवला. मी तो अक्षर लावत लावत वाचला. ‘माझ्या हयातीत आमच्या उंबऱ्याच्या आत नदीचे पाणी आलेले नाही.’ खाली सही केली. साठी उलटल्यावर मी साक्षरतेच्या वर्गात लिहायला शिकले, त्याआधी अंगठाच होता.

ही दोन हजार पंधरा सालची गोष्ट. सरकारी नकाशात आमचं घर पूररेषेत धरलं होतं. तसंच राहिलं तर पाडून नवीन बांधायला परवानगी मिळणार नव्हती. सोमवारी सुनावणी होती आणि पुरावा यांच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये होता.

हे, म्हणजे माझे मालक गणपतराव, पाणी उपसा संस्थेत कारकून होते. रोज सकाळी सहाला नदीची पातळी बघायची आणि कॉम्प्युटरवरून फोनच्या तारेनं मुख्य ऑफिसला पाठवायची. कॉम्प्युटर आणि तार यांच्या मधे मोडेम नावाचा डबा. संस्था बंद पडली तेव्हा दोन्ही यांनी घरी आणलं. आमच्या उंबऱ्याची उंचीही त्यांनी नदीच्या त्याच मापानं काढली होती. बावन्न फूट. चौकटीवर तांबड्या रंगात अजून आहे.

मुबशिरा बिंदू चौकाजवळ वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवते. तिनं आमच्या सोप्यात तीन दिवस काढले.

“पडदा गेलाय. डिस्क बाहेर काढली तर परत चालंल असं मी म्हणणार न्हाय,” ती म्हणाली. “पण हे चालू केलं की आपापलं फोन लावून सगळी नोंद पाठवतंय. आपण मुख्य ऑफिस व्हायचं.”

तिनं आपला एक मोडेम लॅपटॉपला जोडला. दोन डब्यांमध्ये फोनची वायर, वायरीत नऊ व्होल्टची बॅटरी, कारण टेलिफोन एक्सचेंज तारेतून जो करंट देतं तो इथं आपणच द्यायचा. दिवे लागले. आमचा डबा मात्र कशालाच दाद देईना.

“मागं आठ खटके हाईत. दोनशे छप्पन तऱ्हांनी लागत्यात. पुस्तक कुठाय, आक्का?”

“रद्दीत घातलं.”

“का?”

“इंग्रजी होतं. मला तवा मराठीबी वाचता येत नव्हतं.”

“माझं दहावीचं सर्टिफिकेटबी घातलं हुतंस की,” अमरसिंह म्हणाला.

“ते तरी कुठं कामाचं हुतं.”

मुबशिरानं डबा उलटा केला. “सगळे खटके वर कसे? असं कोण लावत न्हाय.”

मी सांगितलं. दर खंडेनवमीला हे डब्याची पूजा करायचे. फूल, हळद, कुंकू. त्यांची चिमूट मोठी होती, कुंकू मागच्या फटींतही जायचं. ते गेले त्या वर्षी मी डबा नुसता पुसला. मला आता कुंकू लावायचं नव्हतं. मागचे पांढरे खटके खाली-वर दिसले, दात पडल्यासारखे. काडीनं सगळे एका ओळीत केले. तेवढंच नीटनेटकं.

ती भिंग लावून बघत राहिली. मग म्हणाली, “आक्का, पाच खटक्यांच्या खालच्या फटीत कुंकू बसलंय. तिनाच्या खाली कायच न्हाय.”

“मग?”

“ज्याच्या खाली लाल, तो पहिल्यापास्नं वरच हुता, म्हणून खालची फट उघडी ऱ्हायली. तीन खाली हुते, ते तुम्ही वर केलासा.” तिनं काडेपेटी माझ्यापुढं धरली. “घ्या. आता तुम्हीच खाली करा.”

दुसरा, पाचवा, सातवा. काडीनं एकेक खाली केला.

तिनं बटण दाबलं. डबा किंचाळला, तिचाही किंचाळला, मग दोन्ही गप्प झाले आणि लॅपटॉपवर आकडे यायला लागले. इंग्रजी आकडे मला येतात. तारीख, मग फूट.

“दोन हजार पाच काढ,” अमरसिंह म्हणाला. “त्या पुरात पाणी आलं न्हाय म्हणजे बास झालं.”

त्या साली गल्लीत आमचं एकच घर होतं, भोवती ऊस. अमरसिंह पुण्याला नोकरीत. मी गडहिंग्लजला होते, मुलीच्या, अनुजाच्या, दुसऱ्या बाळंतपणाला तिच्या सासरी. रस्ते बंद झाले आणि मी सप्टेंबरात परतले. भिंतींना नवा चुना होता. “नातवंडं येणार, म्हणून मारला,” हे म्हणाले होते.

जुलैच्या शेवटी त्रेपन्न. मग दोन दिवस साडेचोपन्न. मग परत त्रेपन्न.

मुबशिरानं मान वळवून चौकटीकडं बघितलं.

“मशीन जुनं हाय,” अमरसिंह म्हणाला. “आकडा चुकला आसंल.”

“सलग चार दिवस कसा चुकंल?” मुबशिरा म्हणाली.

चारही दिवसांपुढं सहाची वेळ होती. म्हणजे अडीच फूट पाण्यातनं बाहेर पडून हे नदी बघायला गेले होते. मग एकट्यानं चिखल काढला असेल. मला काही वाटायला हवं होतं. मी भिंतीकडं बघितलं, ती भिंतच होती.

“हे आपल्या तिघांतच ऱ्हाऊ दे,” अमरसिंह म्हणाला. “आई, नुसता अर्ज देऊया. सही झालीया तुझी.”

“अर्ज आण.”

त्यानं आणला. मी पेन मागितलं आणि ते एक वाक्य खोडलं. पट्टी नव्हती, रेघ वाकडी गेली.

“घराचं काय करायचं मग?” त्यानं विचारलं.

“ह्या आकड्यांचा कागद छापून घे. दोन्ही सोबत दे.”

खोडलं तिथं सही करायची असते, असं वर्गात शिकवलं होतं. मी ती केली.