न धुतलेले पेले

“पेले धुतलेले असतील ना?” डीकनसाहेबांनी दारातूनच विचारलं.

माझी बायको जाऊन महिनासुद्धा झाला नव्हता. मी दुरुस्तीला उघडलेला पंप तसाच ठेवून उठलो.

चर्चमधल्या प्रभुभोजनाचे ते काचेचे छोटे पेले वर्षानुवर्षं आमच्याच घरी धुतले गेले. अंथरुणाला खिळलेल्यांकडे भाकर आणि द्राक्षरस घेऊनही तीच जायची. काम सगळं डीकनचं, चर्चने सेवेसाठी नेमलेल्या माणसाचं. पद मात्र यांचं, कारण ते बाईला देत नाहीत.

मग ती स्वतः अंथरुणाला खिळली. दर रविवारी केस विंचरून घ्यायची, पाठीशी उशी लावून बसायची. “आज येतील कुणीतरी,” म्हणायची. भरलेला पेला घेऊन कुणी आलं नाही. धुवायच्या पेल्यांचा खोका मात्र न चुकता दारात ठेवून जायचे. शेवटचा तसाच पडून होता.

“कबरीच्या दगडाचं काय ठरलं?” मी विचारलं. तिच्या नावाखाली मला ‘डीकन’ कोरून हवं होतं.

“कमिटी म्हणते, ‘सेविका’ लिहा. तेही काही कमी नाही, दादा. वहिनींना कुठे मानाची हौस होती?”

“नव्हती. तिला कामाची होती. तुमचं उलटं.”

“दुःखात माणूस काहीही बोलतो.”

“शुद्धीत बोलतोय मी. ती वाट बघून गेली. दोन गल्ल्या सोडून राहता तुम्ही.”

“नियम काय मी केलाय?”

“पेलेही तुम्ही धुतले नाहीत.” मी खोका नळापाशी नेऊन ठेवला. “घ्या. बाह्या सारा वर.”

“उद्या उपासना आहे, दादा.”

“म्हणूनच.”

त्यांनी घड्याळ काढून खिशात ठेवलं. एक पेला नळाखाली धरला, बोटाने घासला. तळाशी वाळलेला रस निघेना. आधी कोमट पाण्यात भिजवावे लागतात. मी सांगितलं नाही.

दुसऱ्या पेल्यावर त्यांनी नळ बंद केला, हात रुमालाला पुसले.

“राहू दे. आमची ही धुवेल,” म्हणाले, आणि खोका काखोटीला मारून चालते झाले.

मी दगड कोरणाऱ्याला फोन लावला.

“नावाखाली काय घालू, काका? सेविका?”

“काही नको. तेवढी जागा मोकळी सोड.”

“किती?”

“एका शब्दाची.”