कोपराचं माप

टेबल बनवून द्या म्हणून जो कुणी येतो, त्याला मी पहिला प्रश्न विचारते, टेबलाशी उभं कोण राहणार? लोक खोलीची लांबी-रुंदी आणतात, नळ कुठे, खिडकी कुठे, सगळं सांगतात आणि माणूस घरी ठेवून येतात. मग माझं डोकं फिरतं. प्रयोगशाळेचं टेबल म्हणजे जेवणाचं टेबल नव्हे, की आला-गेला कुणीही टेकला. तिथे दिवसभर उभं राहून काम करायचं असतं. चार बोटं खाली गेलं की पाठ गेली, चार बोटं वर गेलं की खांदे गेले. म्हणून आमच्या कारखान्यात माप घ्यायचं ते कोपराचं. माणसाला भिंतीशी ताठ उभं करायचं, हात कोपरात वाकवायला लावायचा आणि कोपराच्या जरा खाली खडूची रेघ मारायची. ही वडिलांची पद्धत. ते गेल्यावर कारखान्याबरोबर तीही माझ्याकडे आली.

दुसरी पद्धत माझी स्वतःची. तिला आम्ही नाटक म्हणतो. खरं टेबल करायच्या आधी खोकी आणि प्लायवूडचे तुकडे जोडून त्याच मापाचं खोटं टेबल उभं करायचं, आणि ज्याचं काम त्याला तिथे खोटं खोटं काम करायला लावायचं. बाटली घे, नळाकडे वळ, कप्पा उघड. हात कुठे अडतो, कुठे पोचत नाही, ते मी बघत बसते. मोठमोठे साहेब आधी लाजतात, मग असे रंगात येतात की विचारू नका. एक जण तर नसलेल्या बाटलीचा वास घेऊन खरोखर शिंकला होता.

माझ्या बहिणीचं नाटक मात्र मला बघवलं नाही.

धाकटी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत होती. रसायनांतली जाणकार, हुद्द्याने मोठी, पण बसायला जागा म्हणाल तर दुसऱ्याच्या खोलीतला एक कोपरा आणि एक डुगडुगणारं टेबल. त्याच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी. मोठी बहीण गावभर टेबलं करून देते आणि धाकटी पुठ्ठ्याच्या आधारावर काम करते, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. शेवटी एकदाची तिला स्वतःची खोली मंजूर झाली, आणि आतलं सगळं सामान करायचं काम आमच्याकडे आलं. मला आभाळ ठेंगणं झालं. कारखान्यातल्या आमच्या मिस्त्रींना मी सकाळपासून तीनदा झाडू मारायला लावला. ते वैतागून म्हणाले, "बहीण येतेय की तपासणी पथक?"

ती आली ती एका बाईला घेऊन. तिच्याच प्रयोगशाळेतली, तिच्या हाताखाली काम करणारी, आणि उंच! दारातून आत येताना मान वाकवावी लागली तिला. मी मनातल्या मनात तिचं नाव जिराफ ठेवलं. धाकटीची पिशवी तिच्या खांद्यावर होती आणि ते मला मुळीच आवडलं नाही. आमची धाकटी स्वतःचं ओझं दुसऱ्याला उचलू देणाऱ्यातली नव्हती. शाळेत असताना दप्तर धरू का विचारलं तरी चावायला धावायची.

मी टेबलाच्या वरच्या भागासाठी सगळे नमुने मांडून ठेवले होते. सागवान, लॅमिनेट, स्टील, काळा दगड आणि रेझिनची काळी लादी. "माझ्या तोंडावर विश्वास ठेवू नकोस," मी म्हटलं, "थेंब टाक आणि बघ." तिने अ‍ॅसिडची कुपी आणलीच होती. ड्रॉपर भरला. पहिला थेंब सागवानावर पडला. दुसरा नमुने सोडून बाजूला, माझ्या कामाच्या फळीवर.

"अगं, डोळे कपाळात गेले का तुझे?" मी ओरडले.

तिने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि तिसरा थेंब टाकायला गेली. धरूनही तो हात थरथरत होता. तेवढ्यात जिराफ पुढे झाली, तिने तो ड्रॉपर धाकटीच्या बोटांतून अलगद काढून घेतला आणि उरलेले थेंब एकेका नमुन्यावर टाकून दिले. दोघी एकमेकींशी एक शब्द बोलल्या नाहीत. मला कळलं, हे रोजचं आहे.

"कधीपासून?" मी विचारलं.

"बरेच दिवस झाले, ताई. नसांचं आहे. हातापासून सुरुवात होते, मग पाय, मग बाकीचं." तिने असं सांगितलं, जणू कुठल्या तरी विहिरीच्या पाण्याबद्दल बोलतेय. "औषधाने चाल मंदावते."

"पण बरं होतं ना?"

"बघू."

त्या 'बघू'ला मी जी घट्ट धरून बसले ती बसलेच. आमच्या घरात आई नाही म्हणायचं असलं की सरळ नाही म्हणायची. बघू म्हणाली की खाऊ मिळायचा.

नमुन्यांवरचे थेंब आम्ही पुसून पाहिले. लाकडावर काळा डाग उठला होता, स्टीलवर बारीक खड्डे पडले होते, रेझिनच्या लादीला काहीसुद्धा झालं नव्हतं. तरी मी म्हटलं, सागवानच घेऊ. उत्तम सुकलेलं लाकूड माझ्याकडे पडून आहे, तेल-मेण लावून लगेच उभं करते. आणि लाकूड काचेला सांभाळून घेतं, हातून काही निसटलं तरी फुटत नाही. दगडावर आणि लादीवर काच आपटली की संपलीच. मी हे तिच्या हाताकडे न बघता बोलत होते, पण ती काय दुधखुळी होती?

"माझ्या हातून काच फुटली तर फुटू दे," ती म्हणाली. "टेबलाला काही व्हायला नको. लादीच घे."

"लादी बाहेरून मागवावी लागते. किती वेळ लागेल देवाला ठाऊक. तुला वेळ..." पुढचं मी गिळलं.

"लागू दे वेळ. डाग पडलेल्या टेबलावर आयुष्य काढलं मी. आता जे होईल ते कायमचं होऊ दे."

मी चिडले. पण आतून बरंही वाटलं. ज्या बाईला घाई नाही, तिला स्वतःच्या तब्येतीचं माझ्यापेक्षा जास्त कळत असणार, असं मी धरून चालले. माणूस बुडायला लागलं की काडीला काय, काडीच्या सावलीलासुद्धा धरतं.

पुढच्या आठवड्यात नाटक झालं. खोक्यांचं टेबल मांडलं, आणि धाकटी स्टुलावर बसली. उभी राहा म्हटलं तर म्हणाली, "बसूनच करणार आहे मी, तेच बघ." तिने नसलेली बाटली उचलली, नसलेल्या नळाकडे वळली. सगळं डाव्या हाताने. माझी बहीण जन्माची उजवी. कप्प्याची मूठ तिच्या चिमटीत येईना, म्हणून मी तिथे रुंद खाच लिहून घेतली, चार बोटं घालून ओढता येईल अशी. कडेला उंच काठ धरला, म्हणजे काही लवंडलं तरी मांडीवर यायचं नाही. खाली गुडघ्यांना जागा ठेवली, आणि मनात म्हटलं, उद्या चाकांची खुर्ची आली तर तीही मावेल, आणि लगेच जीभ चावली, जणू मोठ्याने बोलले होते.

जिराफ आपणहून पुढे झाली आणि टेबलाशी उभी राहून म्हणाली, "मॅडम, बाटल्यांचं शेल्फ इथे आलं तर?"

"अहो, नाटक तिचं आहे," मी फाडकन म्हटलं. "तुम्ही प्रेक्षकांत बसा."

ती बिचारी मागे सरकली. धाकटी हसली, पण माझ्याकडे बघून नाही.

मग धाकटीने पायांची टूम काढली. टेबलाचे पाय खाली-वर होणारे हवेत, म्हणाली. पोकळ पायात सरकणारा दुसरा पाय, त्यांना भोकांची ओळ, हव्या त्या भोकात बोल्ट घालायचा. मला असली टेबलं आवडत नाहीत, घट्ट पायांचं टेबल ते टेबल. पण ती म्हणाली, "खाली बसण्याचं माप ठेव, आणि वर उभं राहण्याचं." आणि माझा सगळा विरोध तिथेच विरघळला. उभं राहण्याचं! म्हणजे हिच्या मनात उभं राहायचं आहे!

"सगळ्यात वरचं भोक कुठे?" मी विचारलं.

तिने भिंतीवर खडूने रेघ मारली. रेघ वेडीवाकडी आली, पण जागा पक्की होती. मी तिला उठवून भिंतीशी उभं केलं, कोपर धरलं. रेघ कोपराच्या चांगली वर गेली होती.

"हे काय गं? बरी होता होता उंची पण वाढवणार आहेस का?"

"उंच टाचांच्या चपला घेणार आहे मी," ती म्हणाली. "लग्नात घेऊ दिल्या नाहीत ना तुम्ही."

मी पोट धरून हसले. मिस्त्रीसुद्धा हसले. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी स्वतः ती भोकं पाडली, एकही भोक मिस्त्रींना पाडू दिलं नाही.

लादी यायला वेळ लागला. दरम्यान हात गेले, मग पाय. धाकटीचा नवरा मुळातच कमी बोलणारा, त्याला आम्ही मौनीबाबा म्हणायचो. तो आता घरातून फोन करायचा आणि नुसता म्हणायचा, "येऊन जा." मी जायची. ती विचारायची, "आली का लादी?" मी त्या पुरवठादाराला फोनवरून अशा शिव्या घातल्या की वडिलांनी ऐकल्या असत्या तर उठून आले असते.

लादी आली तेव्हा ती अंथरुणातून उठत नव्हती. आम्ही सिंकसाठी मधोमध चौकोन कापला. कापलेला तुकडा एरवी भंगारात जातो. मी त्याच्या कडा घासून गुळगुळीत केल्या, धुतला, पुसला आणि पिशवीत घालून तिच्याकडे घेऊन गेले. मौनीबाबाने तिचा हात उचलला, मी त्याखाली तो तुकडा सरकवला.

"थंड आहे," ती म्हणाली. शब्द नीट फुटत नव्हते तिचे, पण हे कळलं. मग बराच वेळ ती तशीच पडून राहिली, हात लादीवर ठेवून. मी म्हटलं, "टेबल खालच्या भोकावर लावलंय, खुर्ची थेट आत जाईल. मग हळूहळू एकेक भोक वर चढवू." तिने डोळे मिटले. मला वाटलं, दमली.

त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. याबद्दल मला काही सांगता येत नाही. सांगायला गेले की राग येतो, आणि राग कुणावर काढायचा तेच कळत नाही.

टेबल बसवायला मी मिस्त्रींना एकट्यांना पाठवणार होते. पण मला राहवेना. नव्या खोलीला नवा रंग होता, खिडकी मोठी होती. धाकटीला खिडकी हवीच होती, रंग नीट दिसतात म्हणायची. टेबल आम्ही सगळ्यात खालच्या भोकावर लावलं, सिंक बसवला, कप्पे सरकवून पाहिले. आता ही खोली जिराफकडे होती. ती आली, स्टूल ओढून बसली आणि कामाला लागल्यासारखं करून दाखवायला लागली. गुडघे टेबलाखाली मावेनात, पाठ कमानीसारखी वाकली. पण हूं की चूं केलं नाही तिने. "छान आहे," म्हणाली.

"छान काय, डोंबल!" मी म्हटलं. "उठा. भिंतीशी उभ्या राहा. हात वाकवा."

"राहू दे ना, ताई. मॅडमच्या मापाचं आहे, तसंच राहू दे."

"अहो, वर्षभरात पाठ धरून बसाल. वाकवा हात!"

मी एकेक भोक वर जात राहिले. मिस्त्री एका टोकाने उचलत होते, मी बोल्ट घालत होते. खालून दुसरं, तिसरं, चौथं. शेवटी सगळ्यात वरचं. बोल्ट आत गेला, मी उठून पाहिलं. लादी तिच्या कोपराच्या जरा खाली येऊन थांबली होती. आम्ही ठेवतो नेमकी तेवढीच खाली.

मी त्या लादीकडे बघत राहिले. मग तिच्याकडे.

"तुमचं माप कुणी घेतलं होतं?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मॅडमनी. तुमच्या कारखान्यात यायच्या आधीच. दाराशी उभं करून. मी नको नको म्हणत होते. मला म्हणाल्या, माझं काय, मी दोन-चार महिने बसेन नाहीतर तेही नाही. टेबल तुझं आहे."

"आणि मला?" माझा आवाज चढला. "मला कुणी सांगायचं?"

"सांगते म्हटलं होतं मी. त्या म्हणाल्या, ताईला वाटतंय मी उभी राहीन. टेबल होईपर्यंत वाटू दे."

मिस्त्रींनी पान्हा पेटीत ठेवला आणि ते बाहेर गेले. मी त्या टेबलाला धरून उभी राहिले. लाकूड नको, लादी हवी. घाई नको. उंच टाचांच्या चपला. सगळं खरं तेच सांगत होती बाई, आणि मी पोट धरून हसत होते. मला तिचा इतका राग आला की ती समोर असती तर दोन रट्टे दिले असते, आणि मग सोडलंच नसतं तिला.

"ताई, खालची भोकं बुजवायची का?" बऱ्याच वेळाने जिराफने हळूच विचारलं. "धूळ जाते म्हणून."

"बाकीची बुजवा," मी म्हटलं. "सगळ्यात खालचं राहू दे."

मग मी तिला त्या टेबलाशी उभं केलं आणि म्हटलं, बाटली घ्या, नळाकडे वळा, कप्पा उघडा. तिने सगळं केलं, रडत रडत, उजव्या हाताने. काही अडलं नाही, कुठे हात पोचला नाही असं झालं नाही. धाकटीने एवढं सगळं नीट योजलं होतं, फक्त त्यात स्वतःला कुठे ठेवलं नव्हतं.