आकड्याच्या जागी दोन अक्षरं

मित्रांनो, मी एक जुना ग्लुकोमीटर आहे. बोटातून थेंबभर रक्त घ्यायचं, पट्टीवर टेकवायचं, की पाच सेकंदांत मी रक्तातली साखर सांगतो. तलासरी तालुक्यात झरीच्या बाजूला एक आरोग्य उपकेंद्र आहे. त्याच्या लाकडी टेबलाच्या खणात माझा मुक्काम असतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. मला आठवतं ते एवढंच, की खोक्यातून मला पहिल्यांदा बाहेर काढलं ते जयमालाताईंनी. त्या इथल्या नर्स. पाड्यापाड्यावरच्या शिबिरांत त्यांनी मला पिशवीत घालून नेलं. म्हातारीकोतारी माणसं बोट पुढे करायची आणि माझ्याकडे असं बघायची, जणू मी त्यांचं भविष्यच सांगणार आहे. तेव्हा माझा फार मान होता. पुढे नवं यंत्र आलं आणि मी खणात गेलो. कधीमधी मी उगाच चुकीची खूण दाखवायचो, हेही खरं. त्यामुळे ‘जुना झाला, भरवसा नाही’ असा शिक्का माझ्यावर बसला.

मी खणातच राहिलो असतो. पण एका गुरुवारी नव्या यंत्राच्या पट्ट्या संपल्या आणि त्याच दिवशी हिरी आली.

हिरी एकवीस वर्षांची. हाल्या आणि काळी यांची थोरली मुलगी, पाड्यावरची बारावी झालेली पहिली मुलगी. तिला पोलिसात जायचं होतं. भरतीसाठी ती रोज सकाळी रस्त्याच्या कडेने धावायची. सगळा पाडा तिला ओळखायचा तो तिच्या धावण्यामुळे. म्हणूनच ती वाळायला लागली तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. पळते, म्हणून बारीक झाली. पळते, म्हणून तहान लागते. घागरभर पाणी प्यायली तरी तिची जीभ कोरडीच असायची, आणि लघवीला तर किती वेळा उठावं लागायचं त्याला मोजदाद नव्हती.

शेवटी पाड्यावरच्या आशा सेविका बायजींनी तिला बाजारातल्या एका डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासलं, साखर खूप निघाली. डॉक्टर म्हणाले, “मधुमेह आहे. गोळ्या घे, गोड बंद, भात कमी.” त्यांनी वजन केलं नाही, वय विचारलं नाही.

हाल्या घरी येऊन म्हणाला, “आमच्याकडे चहात पडते तेवढीच साखर. हिला कसला साखरेचा रोग?” शेजारणी कुजबुजायच्या, “चोरून खाल्लं असेल काहीतरी.” हिरीने ते ऐकलं. तिने भात सोडला, चहा सोडला. गोळी एकही चुकवली नाही. दोन महिने ती उपाशीच राहिल्यासारखी राहिली आणि आणखी वाळली. धावताना पाय लटपटायला लागले तेव्हा धावणंही सुटलं.

त्या गुरुवारी हाल्या आणि बायजी तिला हाताला धरून घेऊन आले, तेव्हा ती भिंतीला टेकूनच बसली. सकाळपासून दोनदा ओकली होती. श्वास लांब आणि जोरात चालला होता, जणू आत्ताच धावून आली आहे.

जयमालाताईंनी खण उघडला. माझ्या जुन्या डबीत थोड्या पट्ट्या शिल्लक होत्या; त्यांची मुदत डबीवर वाचून त्यांनी मला बाहेर काढलं. हिरीच्या बोटाला सुई टोचली. थेंब आला, मी तो घेतला. पाच, चार, तीन, दोन, एक.

माझ्या काचेवर आकडा आला नाही. दोन इंग्रजी अक्षरं आली, एच आणि आय.

हिरीने ती वाचली. कोरड्या ओठांनी हसायचा प्रयत्न करत म्हणाली, “ताई, ह्यानं माझं नाव लिहायला घेतलं.”

“बिघडलं असेल,” हाल्या म्हणाला. “जुनं हाय ना.”

जयमालाताईंनाही तसंच वाटलं असावं. त्यांनी हिरीचे हात साबणाने धुतले, पुसले, दुसऱ्या बोटातून रक्त घेतलं. पुन्हा तीच दोन अक्षरं. मग त्यांनी स्वतःच्या बोटाला नवी सुई टोचली. मी दाखवलं, एकशे चार, म्हणजे नेहमीची साखर.

मित्रांनो, ती दोन अक्षरं म्हणजे बिघाड नव्हता; ते होतं इंग्रजीतलं ‘हाय’, म्हणजे फार जास्त. साखर इतकी चढली होती, की माझ्याकडे तिच्यासाठी आकडाच नव्हता.

जयमालाताई हिरीच्या तोंडाजवळ वाकल्या. तिच्या श्वासाला अति पिकलेल्या फळासारखा वास येत होता; रक्तात आम्ल साचल्याची ती खूण, हे त्यांना ठाऊक होतं. “बायजी, एकशे आठला फोन करा,” त्या म्हणाल्या. “आत्ताच्या आत्ता!”

“ताई, घरी नेऊन झोपवतो तिला,” हाल्या म्हणाला.

“हाल्याभाऊ, यंत्र बिघडलेलं नाही. पोरीला घरी नेलंत तर ती उठायची नाही.”

हाल्या गाडी बघायला रस्त्यावर धावला.

गाडी आली. जयमालाताईंनी मला पिशवीत टाकलं आणि त्या हिरीबरोबर डहाणूला मोठ्या दवाखान्यात गेल्या. वाटेत हिरी हाकेला ओ देईनाशी झाली. तिथे सलाईन लागलं, शिरेतून इन्सुलिन सुरू झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने डोळे उघडून पाणी मागितलं. मागून आलेली काळी उशाशी बसली होती. ती पदर तोंडात धरून रडली.

गौरव नावाचे तरुण डॉक्टर होते. त्यांनी हिरीचं वजन केलं. छत्तीस किलो. गोळ्यांचं पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, “एवढी बारीक पोर, एवढं कमी वय, आणि कुणालाच शंका आली नाही?” त्यांनी रक्त पुढच्या तपासणीला मुंबईला पाठवलं.

अहवाल आला त्या दिवशी जयमालाताई हिरीला भेटायला आल्या होत्या आणि मी त्यांच्या पिशवीत होतो. डॉक्टर खुर्ची ओढून हिरीजवळ बसले. “तुझा मधुमेह गोळ्यांचा नाही. ह्याला टाइप वन म्हणतात. तुझ्या शरीराने इन्सुलिन बनवणं जवळजवळ थांबवलंय. ते बाहेरूनच द्यावं लागेल. रोज.”

“रोज म्हणजे कवापर्यंत?” काळीने विचारलं.

“कायम.”

हिरी पंख्याकडे बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, “सर, मी गोड खाल्लं म्हणून नाय झालं हे?”

“नाही.”

“भात खाल्ला म्हणून?”

“नाही गं. तू काहीच चुकली नाहीस.”

आजाराचं नाव ऐकून न रडलेली हिरी त्या वाक्यावर ओक्साबोक्शी रडली. दोन महिने ती स्वतःलाच शिक्षा देत होती.

आता हिरी पोटावर स्वतः सुई घेते. घरी फ्रिज नाही, म्हणून इन्सुलिनची बाटली पाण्याच्या दोन मडक्यांच्या मधे गार ठेवते. भात खाते. वजन सत्तेचाळीस झालंय. त्या वर्षीची भरती हुकली. पुढे घेतील की नाही, ते तिलाही माहीत नाही. मध्यंतरी एक पाहुणा म्हणाला, “बरी झाली ना, आता सुया कशाला?” तेव्हा हाल्याच उठून म्हणाला, “तू उद्यापासून जेवायचा बंद होतोस का? मग हिची सुई पण बंद नाय होणार.”

माझ्या पट्ट्या आता कंपनी बनवत नाही. मी खणात आहे आणि त्याचं मला दुःख नाही. पण मित्रांनो, एक विनंती ऐका. एखादं तरुण माणूस वाळत चाललं असेल, पाणी पिऊन तहान भागत नसेल, तर ‘काय खाल्लंस’ असं आधी विचारू नका. आधी रक्त तपासा. गोळ्यांनी गुण येत नसेल तर पुन्हा विचारा, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. आणि यंत्राने नको ते सांगितलं, तर ते बिघडलंय म्हणून बाजूला टाकू नका.

दवाखान्यातून निघताना डॉक्टर गौरव दाराशी जयमालाताईंना म्हणाले होते, “शुक्रवारी आणली असती, तर मी काही करू शकलो नसतो.”

ते मी पिशवीतून ऐकलं. हिरीला ते अजून कुणी सांगितलेलं नाही.