कपाळातून काढलेलं नाक

मोहफुलं वेचायला गेलेल्या माझ्या मायच्या, धुरपताबाईच्या, तोंडावर अस्वलानं पंजा मारला. दोन्ही हात फाटले आणि नाक गेलं. देवरीकडच्या आमच्या गावात लोक 'जीव तर वाचला' म्हणायचे आणि आपली लेकरं आत ओढून घ्यायचे. एकेकाचं थोबाड फोडावंसं वाटायचं मला. माय पदरातून तोंड बाहेरच काढेना.

गोंदियाच्या डॉक्टरांनी तिच्या कपाळाची कातडी खाली वळवून नाक बनवलं. कातडीचं एक टोक भुवईपाशी जोडलेलंच ठेवलं. तीन आठवडे नव्या नाकाला तिथूनच रक्त मिळणार होतं, मग तो जोड कापायचा. ऑपरेशनच्या आधी त्यांनी विचारलं होतं, "बीडी, खर्रा, तंबाखू?"

"नाही जी, मले कोणताच शौक नाही," माय म्हणाली. मीही मान डोलावली.

दोन दिवसांनी तिनं आरसा मागितला. बराच वेळ बघून म्हणाली, "चंदा, राखीच्या लग्नात आता मी समोर बसन." राखी माझी धाकटी बहीण. मला रडूच आलं.

चौथ्या दिवशी नाकाचा शेंडा निळा पडला, सहाव्या दिवशी काळा. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. "खरं सांग, तंबाखू खाते ना?"

"नाही सर. फक्त सकाळ-संध्याकाळ दातांना गुडाखू घासते. हातांना पट्ट्या आहेत, म्हणून मीच बोटानं लावून देते."

डॉक्टर ओरडले, "अगं, गुडाखू म्हणजे तंबाखूच! नसा आवळून टाकते ती. रक्त पोचणार कुठून?"

आमच्याकडे गुडाखूनं दात घासतात, त्याला शौक कोणी म्हणत नाही. पण मी बारावी पास आहे. डबीवर काय छापलंय ते मला वाचता येत होतं. मेलेली कातडी काढून टाकली. कपाळाचा उरलेला भाग अस्वलानंच फाडलेला, तिथून पुन्हा नाक निघणार नव्हतं.

परतताना बसमध्ये मायनं विचारलं, "नाक काऊन मेलं, चंदा? माहं काही चुकलं का?"

"तुहं काही नाही चुकलं, माय. त्या डॉक्टरनंच बिघडवलं."

मायनं त्याला पोटभर शिव्या दिल्या. मग गावानंही दिल्या.

मागच्या आठवड्यात अस्वलानं आमच्याच गावातल्या जमुनाबाईचं नाक फाडलं. तिचं नाक अजून वाचवता आलं असतं. "गोंदियाच्या त्या डॉक्टरकडे नेऊ नका," असं तिच्या घरी जाऊन मायनं हात जोडून सांगितलं. त्यांनी ऐकलं. मी मायच्या बाजूलाच उभी होते.